मागे तोंड करून बसायची गाडी

अण्णांचा विश्वास कुणावरच नव्हता आणि त्याबद्दल त्यांना काडीचीही खंत नव्हती. एकतीस वर्षं करोडगिरीच्या कचेरीत, बंदरावर उतरलेल्या पेट्या उघडून बघण्यात गेलेली. वर खजूर आणि खाली भलतंच, असं इतक्या वेळा निघालेलं की पेन्शन घेतल्यावरही हाताची खोड गेली नाही. गिरगावातल्या त्यांच्या घरी रखमा कोळीण पाटी घेऊन आली की राजलक्ष्मीबाईंच्या आधी अण्णा पायरीवर हजर. प्रत्येक माशाचा कल्ला उचलायचा, पोटावर बोट दाबायचं, वास घ्यायचा, आणि सगळं ठीक निघालं तर आणखीच संशय घ्यायचा.

"अण्णा, मासा हाय तो, चोर नाय," रखमा म्हणायची. "सडका कवा दिलाय मी तुमाला?"

"अजून सापडला नाही, एवढंच," अण्णा म्हणायचे.

अशा माणसाच्या हातात अठराशे चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर जावयाचं पत्र पडलं. मग काय विचारता.

जावई मनमोहनराव आधी पुण्याला होते. नलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि इकडे त्यांनी काश्मीरच्या सडकेवर ओव्हरसियरची नोकरी धरली. दुप्पट पगाराची, पण जगाच्या टोकाला. आता नलूची कालिंदी पाच महिन्यांची झाली होती आणि बापानं तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्यांना मार्गशीर्षात रजा मिळणार होती. तेव्हा कराचीपर्यंत येऊन ते बायको-मुलीला घेऊन जाणार होते. पत्रात पुढे होतं ते असं:

"रावळपिंडीपासून पुढे सडकेचा प्रवास. एका अंगास डोंगर, दुसऱ्या अंगास झेलम नदी. मार्गशीर्षापासून बर्फ पडते. येथील भाड्याच्या गाड्या खिळखिळ्या, सबब मुंबईहूनच मजबूत टांगा घेऊन आगबोटीवर चढवावा. दोन चाकी, बसका, मागली बैठक मागे तोंड करून. दाराची गाडी कृपा करून घेऊ नये. लालबागेस तात्या सुतार म्हणून आहेत, त्यांस बर्फाची माहिती आहे, त्यांचेकडेच घ्यावा. मागे तोंड करून बसल्याने खोऱ्याचा देखावा फार सुरेख दिसतो, इतके सौ. नलूस अवश्य वाचून दाखवावे."

'कृपा करून'च्या खाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

अण्णांनी पत्र तीनदा वाचलं, नलूला देखाव्याची ओळ वाचून दाखवली, कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. मनात शंकेची पाल चुकचुकली. नुसती चुकचुकली नाही, तिनं तिथे बिऱ्हाडच केलं. बर्फात, थंडीत, पाच महिन्यांचं पोर घेऊन बसायचं आणि गाडीला दार नको? उघड्या टांग्यात, आणि तेही पाठमोरं? बरं, तात्याकडेच का? लालबागेला दुसरे सुतार मेले काय? आणि हा देखावा. मनमोहनरावांनी लग्नानंतर तीन वर्षांत कधी झाडाकडे मान वर करून पाहिल्याचं अण्णांना आठवत नव्हतं. हा मनुष्य देखाव्याबद्दल लिहितो, वर तो वाचून दाखवायला सांगतो.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ते राजलक्ष्मीबाईंना म्हणाले.

"तुम्हाला कुठे मुरत नाही?" बाई गव्हातले खडे काढत म्हणाल्या. पण टांग्याचं ऐकून त्यांच्याही कपाळाला आठी पडली. "आपल्या घरची लेक उघड्या टांग्यात बसून जायची? लोक शेण घालतील तोंडात. त्यापेक्षा शिग्राम घ्या, चांगला दारा-काचांचा."

खरं सांगायचं तर अण्णांच्या पोटात वेगळंच होतं. नलू जाऊच नये, निदान फाल्गुनापर्यंत तरी, असं त्यांना वाटत होतं. तसं त्यांनी लिहूनही पाहिलं होतं. पण रजा मिळायची ती आत्ताच, आणि नलूचं मन केव्हाच पेटी भरून बसलेलं. आठ महिने नवऱ्याला पाहिलं नव्हतं बिचारीनं. तेव्हा अण्णांच्या हातात उरली ती एवढी एक गोष्ट: लेक आणि नात ज्या गाडीतून त्या दरीकाठानं जाणार ती गाडी. तीत फसगत झाली तर पुन्हा दुरुस्ती नव्हती. त्या बाबतीत ते डोळ्यांत तेल घालून बसणार होते, मग जावई रागावो की व्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिक्टोरिया करून अण्णा लालबागेला निघाले. नलूही कालिंदीला मांडीवर घेऊन आली, कारण बसायचं तिलाच होतं.

गिरण्यांच्या चिमण्या मागे टाकून आत वळलं की तात्याचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी पडवी, पुढे उताराचं अंगण आणि उताराच्या तळाशी एक तळं. तात्या पन्नाशीचा, काटक, डाव्या पायानं किंचित लंगडणारा. त्या पायाची दोन बोटं नव्हती. काबूलच्या लढाईत पलटणीच्या गाड्या दुरुस्त करायला गेलो होतो, तिथे बर्फानं खाल्ली, असं तो म्हणाला. अण्णांनी मनात लिहून ठेवलं: चाकाखाली गेली असतील, इथेच, लालबागेत.

अंगणात दोन्ही गाड्या तयार होत्या. एक टांगा, बुटका, रुंद, रंगही न दिलेला. आणि त्याच्या शेजारी शिग्राम. काय सांगावा तो शिग्राम. काळाभोर, चार चाकांचा, दोन्ही बाजूंना पितळी मुठींची दारं, दारांना काचा, आत जाड गाद्या. प्रभादेवीच्या कुणा शेटजींनी सांगून बनवलेला, मग नेलाच नाही. अण्णांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. कुठे फट नाही, कुठे कुरकूर नाही. त्यांना तो लागलीच आवडला, आणि आवडला म्हणून ते थोडे बिचकले.

"हा द्या," ते म्हणाले.

कुठलाही व्यापारी अशा वेळी काय करील? दोन्ही हात जोडील. तात्यानं मान हलवली.

"हा नको, अण्णासाहेब. टांगाच न्या."

"टांगा स्वस्त आहे."

"आहे."

"मग शिग्राम खपवायचा सोडून टांगा का माझ्या गळ्यात मारतोस?"

"बर्फाच्या घाटात दाराची गाडी नको," तात्या म्हणाला. तेच शब्द. पत्रातले.

"का नको?"

तात्यानं तोंड उघडलं. मग त्याची नजर नलूकडे गेली. ती टांग्याच्या मागल्या बैठकीवर बसून बघत होती, मांडीवर कालिंदी मूठ चोखत होती. तात्यानं उघडलेलं तोंड मिटलं. हे सगळं अण्णांनी पाहिलं. ज्यांनी एकतीस वर्षं खलाशांची तोंडं वाचली त्यांच्यापासून हे काय लपणार?

"जड असतो," तात्या म्हणाला. "घोडी दमतात."

"आणि मागे तोंड करून कशासाठी बसायचं?" नलूनं विचारलं. "मला आपलं चमत्कारिक वाटतं. कुठे जातोय तेच दिसत नाही."

"वारा लागत नाही ताई तोंडावर. पोर आहे ना संगती."

झालं. जावई म्हणतो देखावा, सुतार म्हणतो वारा. दोन माणसं, एकच गाडी आणि कारणं दोन. कचेरीत असं झालं की अण्णा पेटीचा तळ फोडायला लावायचे. दोघांनी मिळून काहीतरी दडवलंय, याची आता त्यांना खात्रीच पटली. दलाली ठरली असेल. नाहीतर टांग्याच्या लाकडात खोट असेल.

चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी रखमा रावस घेऊन आली. अण्णांनी कल्ला उचलला आणि तसाच धरून राहिले. माशाची परीक्षा माशावर, तर गाडीची गाडीवर. जावयाच्या पत्रावर नाही आणि सुताराच्या तोंडावरही नाही. बर्फात चालायची गाडी बर्फावरच बघायची. आणि मुंबईत बर्फाला काय तोटा होता? सरबतात घालायला मिळतो, तसा गाडीखाली घालायलाही मिळेल.

तर मंडळी, त्या दिवशी भायखळ्याच्या कारखान्यातून लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या बर्फाच्या चोवीस लाद्या बैलगाडीनं लालबागेला आल्या. गिरगावातला पेन्शनर परभू बर्फ विकत घेऊन मातीत पसरणार, ही वार्ता गाडीच्या पुढे धावत गेली होती. तात्याच्या कुंपणावर माणसं चढून बसली. नलूला अण्णांनी मुद्दाम आणलं नव्हतं.

तात्यानं कपाळाला हात लावला. "अण्णासाहेब, बर्फ म्हणजे ही लादी नव्हे हो. ते वरून पीठ पडतं, मग चाकांखाली दाबून काच होते."

"काच झाल्यावर ही लादीच ना?"

भुसा धुऊन लाद्या उतारावर चिकटवून मांडल्या, दोन हारी, तळ्याकडे जाणाऱ्या. "जनावर मात्र लावणार नाही," तात्या म्हणाला. "पाय मोडला तर पाप माझ्या माथी." तेव्हा गाडी दोरानं धरायची आणि वरून सोडायची असं ठरलं.

आधी टांगा. तात्याचा लोहार लहू आणि खुद्द तात्या मागल्या बैठकीवर बसले. दोर सोडले. टांगा चार हात सरळ गेला, मग एक चाक घसरलं, गाडी तिरपी झाली आणि लादीवरून कुठल्या कुठे भरकटली. कुंपणावर हसू फुटलं. अण्णाही हसले. पत्र आल्यापासून पहिल्यांदा.

"घसरला की नाही?" ते म्हणाले. "हाच ना तुझा बर्फाचा टांगा?"

"घसरला," तात्या म्हणाला. तो आणि लहू उतारावर मध्येच उभे होते. ते कधी उतरले ते कुणी पाहिलं नव्हतं, अण्णांनीसुद्धा नाही. टांगा एकटाच खाली जाऊन चिखलात रुतला होता.

मग शिग्राम. "आत मी बसणार," अण्णा म्हणाले.

"नका बसू."

"का? आत काय आहे जे मला दिसायला नको?"

तात्यानं लहूकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं. तळं कडेला कमरेइतकंच होतं. "बसा," तो म्हणाला.

अण्णा बसले. लहूनं दार लावलं, पितळी मूठ खटकन बसली. आत सगळं कसं निवांत. बाहेरचा गलका काचेपलीकडे राहिला. गादी मऊ, पाठीला आधार, वारा नाही. नलूला असंच हवं, अण्णांना वाटलं. असं पेटीत ठेवल्यासारखं. दोर सुटले, गाडी हलली आणि हळूहळू, अगदी सरळ जाऊ लागली. टांग्यासारखी भरकटली नाही. अण्णांनी समाधानानं मान डोलावली.

मग मागलं चाक लादीवरून उतरलं.

मोठा धक्का नाही, काही नाही. गाडी नुसती एका अंगावर कलली आणि तशीच घसरत राहिली. आता सावकाश नव्हे. काचेतून तळं वर येताना दिसलं. अण्णांनी दाराची मूठ फिरवली. मूठ फिरली, दार उघडलं नाही. गाडी कलली तशी चौकट मुरडली होती आणि दार तिच्यात पाचरीसारखं बसलं होतं. ते दुसऱ्या दाराकडे झेपावले. ते दार वर होतं, आभाळाकडे. पाय गादीवरून निसटले, हात मुठीपर्यंत पोचेना. दार ढकलायला दोन हात हवेत आणि वर चढायलाही दोन हात हवेत. आपले दोन्ही हात रिकामे आहेत, आणि तरी आपल्याला निघता येत नाही, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं. नलूच्या हातात कालिंदी असेल. ते दार बडवू लागले. कुणाला हाक मारत होते कोण जाणे. लोक नंतर म्हणाले, नलूलाच मारत होते.

गाडीची पुढली चाकं तळ्यात गेली आणि ती थांबली. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं. तात्यानं लंगडत येऊन पटाशीनं वरचं दार उचकटलं, लहूनं काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. कुंपणावर कुणी हसलं नाही.

अण्णांना पडवीत बसवलं, पाणी दिलं. पगडी तळ्यात तरंगत होती, ती कुणीतरी काढून आणली. मग त्यांनी तात्याकडे पाहिलं.

"मागे तोंड करून बसतात ते उडी मारायला," ते म्हणाले.

"होय," तात्या म्हणाला. "पुढे घोडी, बाजूला चाकं. मागेच तेवढी मोकळी जागा. गाडी दरीकडे चालली की विचार करायचा नाही, पायरीवर पाय आणि खाली. गाडी गेली तर जाऊ दे. लढाईच्या वेळी एक दाराची गाडी गेलेली बघितली मी. दोन आजारी शिपाई होते आत. खालच्या बर्फात जाऊन पडली. आम्ही वरती, दोर पोचत नव्हता. दार आतून वाजत होतं. बराच वेळ वाजत होतं."

"मग त्या दिवशी का नाही बोललास?"

"ताई समोर होती. मांडीवर पोर. काय सांगू तिला, तुझी गाडी पडली तर? तिला तर जायचंच आहे त्या वाटेनं. भ्यालेल्या माणसाचा पाय चुकतो, अण्णासाहेब."

अण्णांनी आतल्या खिशातलं पत्र काढलं. ते चुरगळलं होतं, पण अक्षर लागत होतं. 'देखावा फार सुरेख दिसतो, इतके सौ. नलूस अवश्य वाचून दाखवावे.' मनमोहनराव काहीतरी दडवत होते हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. त्यात त्यांची चूक नव्हती. काय दडवत होते, तेवढं चुकलं होतं. तिकडे आठ महिने तो पोरगा रोज ती दरी बघत असेल आणि सासऱ्याला पत्र लिहायला बसला की देखाव्याबद्दल लिहीत असेल. अण्णांना त्याची लाज वाटली नाही, स्वतःची वाटली.

"टांगा पाठवून दे," ते म्हणाले.

दोन दिवसांनी टांगा वाडीच्या अंगणात येऊन उभा राहिला, रंग देऊन, टप चढवून. राजलक्ष्मीबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"शेवटी हाच ना आणलात? दार नाही, काही नाही. आणि हे पाठमोरं बसणं कशापायी, ते तरी कळू दे."

नलू दारात कालिंदीला खांद्यावर थोपटत उभी होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांची जीभ अडली. पूर्वी तात्याची अडली होती तशीच.

"मागे हेलकावा कमी बसतो," ते म्हणाले. "पोरीला झोप चांगली लागते."

"असं होय," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. नलू नुसती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली, जरा जास्त वेळ. मग तीही आत गेली.

अण्णांना हायसं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडलं, पण स्वतःचं एक खोटं बेमालूम खपलं, असं त्यांना वाटलं. पण नलू कुणाची मुलगी, हे ते साफ विसरले होते. ज्या माणसानं तिला चालायला शिकवताना अंगणातली प्रत्येक फरशी आधी आपल्या पायानं दाबून पाहिली, त्याची मुलगी.

दुसऱ्या दिवशी पहाट नुकती सरली होती. अण्णा दात घासायला सज्जात आले आणि मंजन तोंडात तसंच राहिलं. खाली अंगणात नलू टांग्याच्या मागल्या बैठकीवर बसली होती. पदर घट्ट खोचलेला. छातीशी एक उशी, कालिंदीच्या दुपट्यात गुंडाळलेली. ती उठली, पायरीवर पाय ठेवला, उतरली. पुन्हा चढली. या वेळी डाव्या हातानं कठडा न धरता उतरली आणि अडखळली. उशी मात्र सुटली नाही. पुन्हा चढली.

अण्णा चूळ न भरताच खाली गेले.

नलूनं त्यांना पाहिलं, पण ती लाजली नाही की दचकली नाही. "तिकडून आला देखावा," ती म्हणाली. "तात्यांनी सांगितला वारा. तुम्ही सांगितली झोप. तीन माणसं मला तीन कारणं सांगतात, अण्णा."

"नलू, फाल्गुनापर्यंत थांबलीस तर," एवढंच ते म्हणाले.

"त्यांनी तिला पाहिलेलं नाही अजून," नलू म्हणाली. मग उशी सावरून तिनं खाली बघितलं. "तात्यांना सांगा, पायरी दोन बोटं खाली घ्या. लुगड्यात पाय पोचत नाही."

का, कशाला, कुणी सांगितलं, हे अण्णांनी विचारलं नाही. त्यांनी धोतराचा काष्टा वर खोचला, टांग्याच्या पुढे जाऊन दांडी दोन्ही हातांनी उचलली आणि कमरेत वाकून जोर लावला. टांगा हलला. फरशांवर चाकं वाजू लागली. वरून राजलक्ष्मीबाई विचारत होत्या की सकाळी सकाळी हे काय चाललंय.

"आता उतर," अण्णा मागे न बघता म्हणाले. "चालत्या गाडीतून."